रावसाची पोरं काय खातात

"काय गावला काय गो?" काकीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

गावला म्हणजे सापडलं. मागच्या पडवीत पाटावर रावसाचं वीतभर पिल्लू उताणं ठेवून मी त्याचं पोट उघडत होते. नाकावर फडकं, हातात छोटी कात्री, शेजारी बाटल्या. "काही नाही," असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. रोज जठराची पिशवी चपटी निघायची. आज ती चांगली फुगलेली होती. चिमट्यानं कड धरून उघडली, तर आत कोळंबी. करंगळीच्या पेराएवढी, करड्या रंगाची, अगदी ताजी.

"काकी, आहे. आज आहे."

"बरा झाला," काकी म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान कशाचं, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण मी आनंदानं पडवीभर नाचत होते. नाचणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

मी मूळची उदगीरची. हळकुड्यांचं घर, धान्याची आडत, गळ्यात लिंग, आणि घरात आजवर अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. अशा घरातली मुलगी माशांच्या कॉलेजात कशी गेली, हे लोक मला अजून विचारतात. शेतकी कॉलेजात नंबर लागला नाही, मत्स्य कॉलेजात लागला, इतकंच. वडिलांना वाटलं, सरकारात जसं पाटबंधारे खातं तसं मत्स्य खातं. खुर्ची, टेबल, पंखा. पोरीला माशाची पोटं फाडावी लागतील हे कुणी सांगितलंच नाही, आणि मला कळलं तेव्हा मीही सांगितलं नाही.

तर पदवी झाली, पुढची पदवी सुरू झाली आणि संशोधनाला विषय मिळाला: किनाऱ्यालगतच्या पाण्यात रावसाची पिल्लं काय खातात. रावस हा मोठा मानाचा मासा, लग्नकार्यात, साहेबलोकांच्या ताटात वगैरे. पण लहानपणी तो खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात वाढतो आणि तिथं काय खाऊन वाढतो, हे नीट कुणी पाहिलेलं नव्हतं. ते पाहायचा मार्ग एकच. पोट उघडून बघणं.

त्यासाठी मी मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडावरच्या गावात राहायला गेले. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला चिडवतात, त्यात तुमची भर नको. राहायला खोली मिळाली ती मालंडकरांकडं. आबा मालंडकर छोटी होडी घेऊन खाडीत जात आणि दिवसाला चार वाक्यं बोलत. उरलेलं सगळं सत्यवतीकाकी बोलायची. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, ती विकून यायची, येताना रावसाची पिल्लं माझ्यासाठी बाजूला काढून आणायची. रेगे सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तशी सूचनाच दिली होती: बंदरावरून ताजी पिल्लं घ्या, पोटं तपासा, सोपं काम आहे.

सोपं कसलं. पोटं रिकामी. आज रिकामी, उद्या रिकामी. महिना गेला, दुसरा गेला, माझ्या तक्त्यात एकच शब्द उतरत होता. आणि तिकडं उदगीरला वडील वाट बघत बसलेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा प्रबंध पास झाला तर पुढं नोकरी कर, माझी ना नाही. नाही झाला तर गाशा गुंडाळून घरी ये. तेलगिरणीवाल्या बसवप्रभूंचा मुलगा तयार होता. मुलगा वाईट नव्हता हो. पण त्याच्याशी बोलायला म्हणून घरच्यांनी आम्हाला अंगणात बसवलं, तेव्हा तो तासभर सरकी आणि करडई यांतला फरक सांगत होता. मला रिकाम्या पोटाचे मासे परवडले.

परवडले असं म्हणते खरी, पण त्या दिवसांत मी रडकुंडीला आले होते. दुपारी स्टोव्हवर माझी खिचडी टाकायची, दोन घास खायचे आणि ताट बाजूला सारायचं. माझा स्वयंपाक वेगळा असे. निघताना आईनं एकच शपथ घातली होती: कापायचं ते काप बाई, पण माशाच्या भांड्यातलं काही खाऊ नकोस. मी ती पाळत होते. काकीनं पहिल्या दिवशी एकदा विचारलं, "आमच्यात जेवतलंस काय गो?" मी कारण सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मात्र मी ताट बाजूला सारलं की ती दारातून बघत उभी राहायची. घरात येईल त्याला, अगदी टपालवाल्यालाही, पानावर बसवणारी बाई. तिला माझं काय करावं हे कळत नसे.

म्हणून त्या दिवशी कोळंबी सापडली तेव्हा तिच्याइतकं कुणी खूश होणार, असं मला वाटलं नव्हतं. पण ती झाली, आणि दुसऱ्या दिवशीही कोळंबी सापडली. तिसऱ्या दिवशीही. पिल्लांना जणू एकदम भूक फुटली होती. मी भराभर बाटल्या भरत होते, कुजू नये म्हणून औषधात घालून चिठ्ठ्या चिकटवत होते. पोट काढून घेतलेली पिल्लं काकीच्या कालवणात जायची आणि त्याचा वास घेत मी माझी खिचडी खायचे, आता ताट चाटूनपुसून.

बाटल्या घेऊन कॉलेजात गेले. रेगे सर म्हणजे गोरेपान, गुटगुटीत, आणि मासा दिसला की आधी त्याची आमटी दिसणारे. त्यांनी बाटली उजेडात धरली. मग दुसरी धरली. मग चष्मा काढून पुसला.

"हळकुडे, या कोळंबीला कवच कुठाय?"

मी म्हटलं, नाही. कुठल्याच कोळंबीला नाही.

"डोकं?"

"तेही नाही सर. मिश्या नाहीत, पाय नाहीत. आणि पाठीतला तो काळा दोरा असतो ना, तोसुद्धा नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं दिसत होतं तर मेंदू कुठं गहाण टाकला होता. पण मी जन्मात कोळंबी सोललेली पाहिलेली नव्हती. काकी सोलायला बसली की मी वासानं उठून जायचे. माझ्या दृष्टीनं कोळंबी पुस्तकातल्या चित्रात एक असायची आणि माशाच्या पोटात एक. सरांचं तसं नव्हतं. त्यांच्या घरी आठवड्यातून चारदा कोळंबी सोलली जायची. पण माणसाला एकदा शोध लागला की लागतो. ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले, समुद्राकडं पाहिलं आणि म्हणाले की रावसाचं पिल्लू आपलं भक्ष्य गिळण्याआधी त्याचं कवच काढतं, जगात हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही. त्याला त्यांनी तिथल्या तिथं नाव दिलं, कवचमोचन. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात ते नाव पोहोचलं, आणि कोचीला भरणाऱ्या परिषदेत निबंध वाचायचंही ठरलं.

मी हवेत तरंगत गावी परतले. काकीला सांगितलं की माझ्या माशांचं नाव आता देशभर होणार. तिनं विचारलं, म्हणजे तू पास? मी म्हटलं, पास काय घेऊन बसलीस. काकीनं मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

पुढच्या आठवड्यात काही पोटांतली कोळंबी पिवळी निघाली. हळदीसारखी पिवळी. मला माहीत आहे तुम्ही हसताय. मी त्याची काळजीपूर्वक नोंद केली, सरांना दाखवली. सर म्हणाले, पित्त. पिल्लांची पचनशक्ती तीव्र असल्यामुळं पित्ताचा स्राव जास्त. मी तसं लिहून घेतलं.

सगळं असंच सुरळीत बुडालं असतं. पण प्रबंध तपासायला बाहेरून परीक्षक असतात, आणि आमच्या नशिबी होत्या गोव्याच्या मिस्किता बाई. सडसडीत, पांढरे केस कापलेले, आवाज एवढा हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे. त्यांनी सरांना कळवलं की आपण आयुष्यभर माशांची पोटं उघडली, पण कोळंबी सोलून खाणारा मासा पाहिला नाही, तेव्हा जिथं ही पिल्लं मिळतात तिथं येऊन समोर एक पोट उघडून बघायचं आहे. सर फुशारले. मला म्हणाले, उद्या बाईंच्या समोर पोटं भरलेली निघाली की झालं, तुझा प्रबंध मंजूरच समज.

ते मी जसंच्या तसं काकीला सांगितलं. शिवाय माझ्या पदरचं जोडलं, की उद्या नेमकी रिकामी निघाली तर मी संपले, उदगीरला परत, सरकी आणि करडई. काकी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"नाय रव्हाची रिकामी," ती म्हणाली. "तू गप नीज."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. सर कडक इस्त्रीत, मिस्किता बाई साध्या सुती साडीत. काकीनं पडवी सारवून रांगोळी काढली होती. माशांच्या टोपलीवर धुतलेलं फडकं घातलेलं होतं. ती नवी नऊवारी नेसून दाराला टेकून उभी राहिली, मुलीला दाखवायचा कार्यक्रम असावा तशी. आबा माडाखाली जाळं विणत बसले होते.

सरांनी कवचमोचनावर छोटं भाषण केलं. मग मला म्हणाले, घ्या. मी एक पिल्लू उताणं केलं, पोट उघडलं. फुगलेलं. माझा जीव भांड्यात पडला. सर बाईंकडं बघून हसले. मी जठर उघडलं, चिमट्यानं आतलं काढलं आणि पांढऱ्या बशीत ठेवलं.

कोळंबीच होती. सोललेली होती. पण आज ती वाकडी होऊन गोल वळलेली होती, आणि रंग लालकेशरी. तिच्याबरोबर मिरीपेक्षा जरा मोठं, काळपट, खरबरीत, तोंड उघडलेलं एक फळ बशीत पडलं.

माडाखाली आबांचा हात चालायचा थांबला. मिस्किता बाईंनी ते फळ चिमट्यात धरलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढं केलं.

"हे काय आहे, हळकुडे?"

मी नीट पाहिलं. "बी असावं मॅडम. खाडीकाठच्या एखाद्या झाडाचं. पिल्लं वनस्पतीही खात असावीत."

सर खोकले. मी घाबरून पुढं म्हटलं, "याआधी सापडलं नव्हतं. नवीन आहे."

मिस्किता बाईंनी बशी हातात घेतली, कोळंबी उलटी केली, बोटानं दाबली. मग त्या दाराकडं वळल्या आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "या घरात स्वयंपाक कोण करतं?"

रेगे सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. जिथं तिथं मिरवलेलं कवचमोचन त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. कोची गेली असणार. ते माझ्यावरच आले. ही शुद्ध फसवणूक आहे, पोटात शिजवलेली कोळंबी भरतेस, वर तिरफळ, मला काय मूर्ख समजलीस, तुझं नाव मी कॉलेजातून काढून टाकीन. तिरफळ हा माशाच्या कालवणातला मसाला, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. एवढंच कळलं की संपलं. प्रबंध गेला, आणि वर चोरीचा शिक्का. मला हुंदका फुटला.

तेव्हा काकी दारातून पुढं आली. ती माझ्या आणि सरांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि पदर खोचून सरळ सरांकडं बघत म्हणाली,

"तिच्यार ओरडा नको. तिना काय्येक करूक नाय. सुंगटा मीच घातलंय."

सुंगटं म्हणजे कोळंबी. सर बघतच राहिले.

मग काकीनं सगळं सांगितलं, कुणी विचारायची वाट न बघता. रोज बंदरावरून आल्यावर ती पिल्लांची तोंडं उघडून आत एकेक कोळंबी बोटानं सरकवायची. घरात नेहमीची सोललेली असायचीच. कधी आधीच मीठ-हळद लावून ठेवलेली असायची, मग त्यातली. आज बंदरावर सुंगटं आलीच नाहीत, कालच्या कालवणातली उरलेली होती, ती तिनं विहिरीवर नीट धुऊन घातली. एक तिरफळ चिकटून राहिलं, तेवढी तिची चूक झाली.

"पण सोललीत कशाला?" सर ओरडले. त्यांचं दुःख खरं तर तिथंच होतं.

काकीला प्रश्नच कळला नाही. "बारकी पोरां ती," ती म्हणाली. "साला टोचली नसती तेंका?"

माडाखालून आबांच्या हसण्याचा आवाज आला. मिस्किता बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे का केलंत.

काकी माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज रिकामी पोटां बघून ह्या चेडवाचा तोंड सुकान जाय. ताट टाकून उठा. आमच्या भांड्यातला ती खायत नाय, तिच्यात चलना नाय. मग माझ्या हातात काय रवला? तिका घालूक गावना नाय, म्हणान तिच्या माशांक घातलंय."

चेडू म्हणजे मुलगी. मी डोळे पुसायला हात वर केला, त्याला माशाचा वास होता. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. तिनं माझं वर्ष बुडवलं होतं. आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावं असंही वाटत होतं. यातलं एकही मी केलं नाही, कारण मिस्किता बाई बोलू लागल्या होत्या.

त्या सरांना म्हणाल्या की मुलगी फसवणारी असती तर तिला तिरफळ ओळखता आलं असतं. मग म्हणाल्या की खरा घोटाळा कोळंबीचा नाहीच. बंदरावर येणारी ही पिल्लं रात्रभर लावलेल्या जाळ्यात अडकून पडतात. धडपडताना पोटातलं ओकून टाकतात, उरलेलं सकाळपर्यंत पचून जातं. असल्या माशांची पोटं रिकामीच निघणार. बंदरावरून पिल्लं घ्यायची सूचना कुणाची होती? सर समुद्राकडं बघू लागले.

"आतापर्यंतचं सगळं फेकून दे," त्या मला म्हणाल्या. "मासा जिवंत पकड आणि तिथल्या तिथं औषधात घाल. होड्या वर ओढेपर्यंत तुला वेळ आहे. पोट रिकामं निघालं तर रिकामं लिही. भरलेलं निघालं तर आधी वास घे."

काकीनं लगेच विचारलं, जेवून जातलास मां? मिस्किता बाई म्हणाल्या, त्या तिरफळाचं कालवण उरलं असेल तर नक्की. रेगे सर आधी नको म्हणाले. पण भाताच्या तिसऱ्या वाढपानंतर त्यांचा राग बराच उतरला.

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस तोंडावर आले होते. मी आबांना विचारलं. त्यांनी त्या दिवसाचं पहिलं वाक्य खर्च केलं, "चल." भरती लागली की उजाडता उजाडता आम्ही खाडीच्या तोंडाशी जायचो. मी आधी कधी होडीत बसले नव्हते. पहिल्या दिवशी निम्मा वेळ मी काठावर वाकून होते, आणि आबा म्हणाले, तुला बघूनच आज मासे पळतात. ते पाग फेकायचे, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. पाण्यावर ते ताटासारखं उघडायचं. ओढून घेतलं की आत उड्या मारणारी पिल्लं, आणि मी ती थेट औषधाच्या बाटलीत टाकायची.

काकीला रेगे सरांनी बजावलं होतं, माशांना हात लावायचा नाही, बाटल्यांच्या जवळ यायचं नाही. तिला ते फार लागलं. मी पडवीत पाट मांडला की ती उंबऱ्याच्या आत पाठ करून बसायची. पण कान माझ्याकडं असायचे.

पहिलं पोट उघडलं. फुगलेलं होतं, पण आत नुसता लगदा. भिंगाखाली धरला तेव्हा त्यात डोळे दिसले. टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे, बारीक पाय, बारीक मिश्या. जवळा होता तो. बाजारात वाळवून मापानं विकतात तो जवळा, गरिबाघरी पावसाळ्यात चटणीला असतो तो. दुसरं पोट, जवळा. तिसरं, जवळा. जरा मोठ्या पिल्लांत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निघाली, मिशीपासून शेपटापर्यंत कवचासकट. त्याहून मोठ्यांत मांदेलीच्या पिल्लांचे काटे. सोलणंबिलणं काही नाही. समोर येईल ते गिळायचं आणि मोठं व्हायचं, एवढंच त्या पोरांना माहीत होतं.

"काय गावला?" उंबऱ्यातून पाठमोराच प्रश्न आला.

"जवळा."

काकी गर्रकन वळली. "इतक्या मानाचो मासो, नि जवळो खाता?" तिचा विश्वास बसेना. तिनं त्यांना निवडक सुंगटं घातली होती, धुऊन, सोलून, दोरा काढून. तिला रावसाची थोडी लाज वाटली असावी. तेवढ्यात मी पुढचं पोट उघडलं, ते रिकामं निघालं, आणि मी तक्त्यात तसं लिहिलं. काकीनं दोन्ही हात पदराखाली घट्ट दाबून धरले.

होड्या वर ओढल्या गेल्या त्या दिवशी माझं काम पुरं झालं. तोंडी परीक्षेला मिस्किता बाईंनी सगळा प्रबंध चाळला आणि एकच विचारलं, हळद कुठं सापडली नाही ना? मी म्हटलं, नाही मॅडम. त्यांनी सही केली. रेगे सरांनी पेढे वाटले आणि कवचमोचन हा शब्द जन्मात पुन्हा उच्चारला नाही. वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, ठीक आहे, बसवप्रभूंना कळवतो. सुटले मी. आणखी महिन्याभरात मत्स्य खात्यात नोकरी लागली, टेबलखुर्चीसकट. पंखा तेवढा बंद असायचा.

ट्रंक न्यायला गावी गेले. पाऊस लागून राहिला होता. काकीनं ट्रंक आधीच पुसून दाराशी ठेवली होती, आणि ती उगाचच इकडची वस्तू तिकडं करत होती. पास झाल्याचं ऐकून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, स्टोव्ह बांधलाय, पण रॉकेल आहे, खिचडी करून घे, प्रवास लांबचा.

मी पाट घेतला आणि तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.

"काकी, मला वाढ."

ती बघत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. आईची शपथ काय ती माझी मी बघून घेईन, असं काहीसं मी पुढं म्हटलंही. पण ती तोवर स्टुलावर चढली होती. वरच्या फळीवरच्या डब्यांमागून तिनं एक पातेलं खाली काढलं. नवं कोरं. आत दुकानाचा कागद चिकटलेला तसाच होता.

"ह्याका मासो लागूक नाय," ती म्हणाली. "कधीच नाय."

"हे कधी आणलंस?"

"तू इलंस त्या आठवड्यात."

सगळे ते महिने मी तिच्या पडवीत खिचडीची ताटं बाजूला सारत होते, आणि हे पातेलं फळीवर होतं. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस.

काकी कागद नखानं खरवडत होती. "तू नको म्हटलं असतंस तर?"

तिनं त्यात रात्री भिजत घातलेल्या काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, नव्या तव्यावर आंबोळ्या घातल्या. तवाही नवा होता, तो फळीवर त्याच्या मागंच होता. सांबारं तिखटजाळ होतं. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, सगळंच काही तिखटामुळं नव्हतं. ती समोर बसून प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत बघत होती. आंबोळी संपायच्या आत दुसरी पडत होती, आणि नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी तिला राहवेना. ती उठली, भर पावसात मागच्या दारी गेली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला मोठ्यानं हाक मारून म्हणाली, "अगो, आयकलंस? आमचा चेडू जेवता हा."